औषधाची किंमत कायद्यात ठरते



क्षयरोग या भूमीला नवा नाही. ‘राजयक्ष्मा’ या नावाने आयुर्वेदाला तो शतकानुशतके परिचित आहे आणि जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आजही भारतातच आहेत. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय जडला, तर काही वर्षांपूर्वीपर्यंत रुग्णाला महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने टोचून घ्यावी लागत. त्यांनी प्राण वाचत. पण कित्येकांची श्रवणशक्ती कायमची जाई. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोन तरुणींनी हेच मोल देऊन क्षयावर मात केली.

या इंजेक्शनांना पर्याय ठरू शकणारी बेडाक्विलिन नावाची गोळी पुढे उपलब्ध झाली. तिचे मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होते. मात्र जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षाररूपासाठी वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता, तर कंपनीची मक्तेदारी आणखी चार वर्षे, म्हणजे 2027 पर्यंत टिकली असती. नंदिता व फुमेझा यांनी 2019 साली या अर्जाला हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्याच वर्षी भारतीय उत्पादकही पुरवठ्यात उतरले आणि जागतिक खरेदीतील या औषधाची किंमत निम्म्याहूनही खाली आली.

ज्यांना या रोगापायी आपली श्रवणशक्ती गमवावी लागली, त्या दोघींनी इतरांची श्रवणशक्ती वाचावी म्हणून हा लढा दिला, हे तर वंदनीय आहेच. परंतु त्यासोबत एक प्रश्न विचारला पाहिजे. दोन सामान्य नागरिकांना बलाढ्य कंपनीसमोर उभे राहता आले, ते कशाच्या बळावर? याचे उत्तर भारताच्या पेटंट कायद्यात आहे. त्या कायद्याचा इतिहास प्रत्येक सुजाण नागरिकाला ठाऊक असावयास हवा.

देश स्वतंत्र झाला, तेव्हा येथे इंग्रजांनी 1911 साली केलेला कायदा लागू होता. औषधांची बहुसंख्य पेटंटे परकीय कंपन्यांच्या हाती होती. त्या येथे उत्पादन करीत नसत आणि दुसऱ्याला करू देत नसत. ज्या देशातील जनता जगातील सर्वांत गरिबांपैकी होती, त्या देशात काही प्रतिजैविकांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी होत्या. अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीनेच 1961 साली ही विसंगती नोंदविली आहे. या काळात 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन देशात तयार होऊ लागले. पण कारखाना उभारता आला, तरी कायदा आड येत असेल तर नवी औषधे बनविणार कशी?

ही गाठ सोडविली न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी. त्यांनी 1959 साली आपला अहवाल सादर केला. इतर देश आपापल्या गरजेप्रमाणे पेटंट कायदा घडवितात, तर भारताने परक्यांच्या सोयीचा कायदा का वाहावा, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. त्या आधारे 1970 साली संसदेने नवा कायदा केला आणि 1972 पासून तो अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, ते बनविण्याच्या प्रक्रियेवर मात्र मिळेल. तेही फार तर सात वर्षे, अशी ही व्यवस्था होती. पदार्थ तोच, पण तो तयार करण्याची वाट आपली स्वतःची असेल, तर ती चोरी नव्हे, असे कायद्याने मान्य केले. भारतीय रसायनशास्त्रज्ञांना एवढी संधी पुरेशी होती.

तिचे फळ पाहावयाचे असेल, तर 2001 हे वर्ष आठवावे. आफ्रिका खंडात एड्सने माणसे मरत होती. औषधे उपलब्ध होती. पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा तो उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला. ‘सर्वे सन्तु निरामयाः’ ही केवळ प्रार्थना राहिली नाही. या भूमीतील उद्योगाने तिला व्यवहाराचे रूप दिले.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 2005 पासून भारताला औषधाच्या पदार्थावरही वीस वर्षांचे पेटंट देणे भाग पडले. तथापि त्या दुरुस्तीच्या वेळी संसदेत व संसदेबाहेर झालेल्या आग्रहामुळे कायद्यात काही कवचे राहिली. पहिले कवच म्हणजे कलम 3(ड). ज्ञात औषधाचे केवळ रूप बदलले आणि गुणकारितेत भर पडली नाही, तर त्यावर नवे पेटंट नाही. दुसरे, पेटंट मिळण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याची मुभा. तिसरे, सक्तीचा परवाना: औषध जनतेला परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल, तर दुसऱ्या उत्पादकाला ते बनविण्याची परवानगी.

ही कवचे कागदावर राहिली नाहीत. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 1 लाख 20 हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्या तेच औषध दहा हजारांच्या आत देत होत्या. पेटंटसाठीचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कलम 3(ड) चा आधार घेऊन नोव्हार्टिस कंपनीचे अपील फेटाळले. त्यापूर्वी मार्च 2012 मध्ये यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हर या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना देण्यात आला होता. मूळ कंपनीची किंमत महिन्याला 2,80,428 रुपये. परवान्यानंतरची 8,880 रुपये. मूळ कंपनीचे औषध गरजू रुग्णांपैकी दोन टक्क्यांच्या जवळपास लोकांपर्यंतच पोहोचत होते, हे तिने स्वतः कार्यालयात दिलेल्या विवरणपत्रांतूनच उघड झाले. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयानेही हा परवाना वैध ठरविला.

यावर एक आक्षेप घेतला जातो. संशोधनाला परतावा मिळाला नाही, तर नवी औषधे येणार कोठून? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. खऱ्या शोधाला भारतीय कायदा वीस वर्षांचे संरक्षण देतोच. बेडाक्विलिनच्या मूळ पेटंटलाही ते पूर्ण मिळाले. विरोध आहे तो जुन्याच शोधाला नवे वेष्टन चढवून मुदत लांबविण्याला. परिश्रमाचे फळ अवश्य मिळावे. पण एकाच पिकाची खंडणी दोनदा वसूल होऊ नये.

स्वस्त औषध हे उत्तमही असले पाहिजे, ही बाबही तितक्याच कठोरपणे सांगितली पाहिजे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी भेसळ असलेल्या ग्लिसरॉलने 14 रुग्णांचा बळी घेतला. त्याच जातीच्या विषाने 2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून कोवळी बालके हिरावून नेली. परवडणाऱ्या औषधावरील जनतेचा विश्वास अशा एकेका घटनेने ढासळतो. देशात जनऔषधी केंद्रांची संख्या 2023 अखेर दहा हजारांवर पोहोचली, हे स्वागतार्हच आहे. परंतु तपासणीची प्रयोगशाळा आणि औषध निरीक्षक यांची संख्याही त्याच वेगाने वाढावयास हवी. तसे झाले नाही, तर रुग्ण पुन्हा महागड्या नाममुद्रेकडेच वळेल आणि कायद्याने मिळविलेले दुकानात गमावले जाईल.

आज चिंतेचा खरा विषय आहे तो या कवचांना बसणाऱ्या बारीक चिरांचा. मार्च 2024 मध्ये पेटंट नियमांत बदल झाले. पूर्वी निःशुल्क असलेल्या हरकतीला आता शुल्क पडते आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही, हे आधी अधिकारी ठरवितो. ज्या वार्षिक विवरणपत्रांनी नेक्साव्हरचे सत्य उघड केले, ती आता तीन वर्षांतून एकदाच द्यावयाची आहेत. जुलै 2025 मध्ये ब्रिटनबरोबर झालेल्या व्यापार करारातही औषधे उपलब्ध करण्यासाठी ऐच्छिक परवान्याच्या मार्गाला पसंती दर्शविली आहे. यांपैकी कोणत्याही एका बदलाने कायदा मोडून पडणार नाही. पण किल्ल्याचा दरवाजा नेहमीच तोफेने फुटतो असे नाही. कधी कधी पहारा ढिला पडल्यावर तो आतूनच उघडतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको.

म्हणून औषधांचा प्रश्न केवळ डॉक्टरांचा अथवा वकिलांचा मानून चालणार नाही. आपल्या लोकप्रतिनिधीला रस्ता आणि पाणी यांविषयी जाब विचारणाऱ्या नागरिकाने, व्यापार करारात औषधांविषयी काय मान्य केले, हेही विचारावे. रुग्णसेवा करणाऱ्या संस्थांनी पेटंटच्या अर्जांवर लक्ष ठेवावे. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हरकतीचा एक तरी अर्ज वाचून समजून घ्यावा.

मुंबईच्या पेटंट कार्यालयात 2019 साली दाखल झालेली ती हरकत शुल्काविना आणि प्राथमिक अडसराविना दाखल होऊ शकली होती. उद्या एखाद्या खेड्यातील क्षयरुग्णाला तेच करावेसे वाटले, तर त्याच्यासाठी तो दरवाजा तितकाच उघडा असला पाहिजे. तो तसा राखणे हे समाजाचे कर्तव्य आहे.