मातीचे घर आणि परगावचा मालक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात आम्ही एका चिनी चित्रपट-दिग्दर्शकाविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही चित्रपटकलेचे जाणकार नव्हे; केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरलेला एक साधा प्रेक्षक. परंतु या दिग्दर्शकाच्या चित्रपटात आमची आमच्याशीच गाठ पडली, म्हणून हे धाडस.

ली रुईजुन यांचा जन्म १९८३ सालचा, वायव्य चीनमधील गान्सू प्रांतातल्या गाओताई भागातील. वाळवंटाच्या कडेचा हा कोरडा मुलूख. तरुण वयात हा मुलगा कॅमेरा घेऊन पुन्हा आपल्याच गावाकडे वळला. बड्या चित्रसंस्थांचे पाठबळ नव्हते. नटसंच म्हणजे बहुतांशी आप्तेष्ट आणि गावकरी. २०१२ च्या चित्रपटात शवपेट्यांवर बगळ्यासारख्या क्रौंच पक्ष्यांची चित्रे रंगविणारा म्हातारा सुतार आहे. आपल्याला जाळू नये, मातीत पुरावे, एवढीच त्याची अखेरची इच्छा. २०१४ मध्ये युगुर जमातीचे दोन भाऊ उंटांवर बसून आईबापांच्या कुरणांच्या शोधात निघाले. २०१७ मध्ये शेनझेनच्या कारखान्यांत राबणाऱ्या गान्सूच्या माणसांची कथा आली.

२०२२ साली बर्लिनच्या महोत्सवातील मुख्य स्पर्धेत 'रिटर्न टू डस्ट' दाखल झाला. घरच्यांना ओझे झालेल्या दोन जीवांचे लग्न लावून दिले जाते: गरीब शेतकरी योउत्ये आणि आजारी, अपंग गुइयिंग. योउत्येची भूमिका करणारे वू रेनलिन हे दिग्दर्शकाच्या नात्यातले, प्रत्यक्षात शेतकरी. पत्नीच्या भूमिकेतील हाय छिंग मात्र नामवंत अभिनेत्री. गावात राहून त्या शेतीची कामे शिकल्या. गव्हाची पेरणी, मळणी, मातीच्या विटा पाडणे, घर उभे करणे, हे सारे ऋतुमानाप्रमाणे चित्रित झाले. गव्हाचे दाणे मनगटावर दाबून योउत्ये बायकोच्या हातावर फूल उमटवतो; खूण राहिली म्हणजे ती हरवायची नाही!

सुमारे २० लाख युआनांत झालेल्या या चित्रपटाने चीनमध्ये १० कोटींहून अधिक युआनांचा गल्ला जमविला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो तेथील पडद्यांवरून व इंटरनेटवरून नाहीसा झाला. कारण अधिकृतपणे कोणी सांगितले नाही.

आता आमच्या गाठीविषयी. हे जोडपे गावातील ओस घरांत आसरा घेते. पडकी घरे पाडल्यास सरकारी अनुदान मिळणार असे कळताच दूर शहरात पोट भरणारा मालक येतो, घर पाडून घेतो, आणि या दोघांना गाढवासह बिऱ्हाड हलवावे लागते. हा मालक दुष्ट नाही. त्याला फक्त त्या घराची गरज उरलेली नाही.

चित्रपट पाहताना आम्ही योउत्येसाठी डोळे पुसत होतो. मग ध्यानात आले, की या कथेत आमची जागा त्याच्या शेजारी नाही. ती त्या मालकाच्या शेजारी आहे. आमच्या गावच्या घराच्या कागदावर आम्ही हजार मैलांवरून सही केली. त्या घराच्या पडवीत वर्षानुवर्षे एक वृद्ध जोडपे राहत होते. ते पुढे कोठे गेले, हे आम्ही आजवर कोणाला विचारलेले नाही.

पन्नास वर्षे या मंडळाने गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू यांतून आपले मराठीपण राखले, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु गावाची आठवण काढणे निराळे आणि गावातल्या माणसांची विचारपूस करणे निराळे. ली रुईजुन परत गेले ते आठवणी काढायला नव्हे; तेथल्या लोकांबरोबर त्यांनी गहू पेरला आणि विटा पाडल्या. एवढे आपणां सर्वांना साधेल असे नाही. तथापि येत्या सुटीत आम्ही गावी जाणार आहोत आणि त्या जोडप्याचा ठावठिकाणा विचारणार आहोत. उशीर फार झाला आहे, याची जाणीव आहे.