पेशी आपली वाट कशी धरते?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमा इंजिनियर. जीवशास्त्र दहावीनंतर सुटले ते सुटलेच. तरी आज मूळपेशी, म्हणजे ज्यांना सगळे 'स्टेम सेल' म्हणतात, त्या विषयावर बोलायला उभा आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक मेंटेनर सिग्नलच्या खांबावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्याने घरच्यांना सांगितले, मूळपेशींची इंजेक्शने घ्या, त्या कण्यात जाऊन आपोआप नसा तयार करतील. त्याच्या वडिलांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही शिकलेले, काय करावे?" मी म्हणालो, "करून पाहायला काय हरकत आहे?" शेत विकले गेले. पाय हलले नाहीत. तेव्हापासून मी त्या 'आपोआप' शब्दाच्या मागे लागलो. आमच्या खात्यात आपोआप काही होत नसते.

गर्भाच्या अगदी सुरुवातीपासून पाहू. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. इथवर सगळ्या जवळजवळ सारख्या. पुढे काही पेशी बाहेरच्या बाजूला येतात, काही आत दबतात. बाहेरच्यांची पुढे वार होते. आतला जो छोटा गोळा राहतो, त्यात बाळ होणाऱ्या पेशी असतात. पहिला निर्णय जागेवरून होतो. खिडकीशी बसला की वारा लागणार, तसे.

दुसरा निर्णय मला फार आवडला, कारण तो आमच्या रिले रूममधला वाटतो. आतल्या गोळ्यातल्या काही पेशींचे बाळ होते, काहींची गर्भाला पोसणारी पिशवी. उंदराच्या गर्भात हे नीट अभ्यासले गेले आहे. सुरुवातीला प्रत्येक पेशीत दोन प्रथिने एकत्र असतात, नॅनॉग आणि गाटा-६. नॅनॉग बाळाच्या बाजूचे, गाटा-६ पिशवीच्या बाजूचे, आणि दोघे एकमेकांना दाबतात. (नॅनॉग हे नाव २००३ मध्ये एडिंबराच्या शास्त्रज्ञांनी आयरिश दंतकथेतल्या चिरतरुणांच्या देशावरून ठेवले.)

आमच्याकडे दोन रिले असे जोडतात की एकाचा करंट दुसऱ्याच्या कॉन्टॅक्टमधून जातो. पहिला उचलला की दुसऱ्याचा करंट तुटतो. म्हणून एकाच रुळावर दोन गाड्यांना एकाच वेळी सिग्नल मिळत नाही. पेशीतही एक प्रथिन किंचित वरचढ झाले की दुसरे मागे पडते. कोणते वरचढ होईल यात सुरुवातीला थोडा योगायोगही असतो. पण नॅनॉगवाली पेशी एफजीएफ-४ नावाचा रासायनिक निरोप बाहेर सोडते आणि शेजारणीला पिशवीच्या बाजूला ढकलते. 'ही लाईन मी घेतली, तू ती घे.' म्हणून सगळ्याच एका वाटेने जात नाहीत. वरून हुकूम देणारा कोणी स्टेशनमास्तर तिथे नसतो.

बाळ होणाऱ्या त्या आतल्या पेशी बाहेर काढून बशीत वाढवल्या की त्या गर्भमूळपेशी. उंदराच्या १९८१ मध्ये मिळाल्या, माणसाच्या १९९८ मध्ये अमेरिकेत. आपल्याकडे मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह अशा दोन पेशीमाला तयार केल्या, 'काइंड-१' आणि 'काइंड-२'. त्यांचा शोधनिबंध २००९ चा. याच डॉ. हिंदुजा आणि हीच संस्था ६ ऑगस्ट १९८६ च्या केईएम रुग्णालयातल्या टेस्ट ट्यूब बाळामागे होती. त्याच वर्षी, २००९ मध्ये, बंगलोरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात डॉ. मनीषा इनामदार यांच्या गटानेही दोन पेशीमाला केल्या, वापरात न येणाऱ्या, टाकून देण्याच्या गर्भांपासून.

आता बशीतल्या या पेशीला मज्जापेशी करायचे तर एकामागून एक रसायने द्यावी लागतात, ठरल्या क्रमाने, ठरल्या दिवशी. क्रम चुकला की वाट चुकली. आणि काहीच न सांगता तशीच उंदराच्या अंगात टोचली तर? गाठ होते. त्या गाठीत केस, कूर्चा, कधी दातासारखे काही, सगळे एकमेकांत मिसळलेले. सगळे सांधे मोकळे सोडून वाघिणी ढकलून द्याव्यात, तसे.

आमच्या मेंटेनरला बहुधा त्याच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी दिल्या. त्या गर्भातल्या नव्हेत. त्यांतल्या रक्तमूळपेशींची वाट केव्हाच ठरलेली असते: रक्त तयार करणे. म्हणूनच रक्ताच्या आजारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपयोग होतो. आपल्या छत्तीसगढात सिकलसेल घराघरांत आहे. जुळणारा दाता मिळाला तर हा त्यावरचा मान्य उपचार आहे, धोका असला तरी. ती पेशी आपल्या घरी जाऊन आपलेच काम करते. तिला कण्यात टोचून 'नस हो' म्हणणे वेगळे.

ठरलेली वाट कधीच उलटत नाही असेही नाही. जपानच्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुके घालून तिला जवळजवळ गर्भावस्थेत नेले. २०१२ चे नोबेल त्यांना आणि गर्डन यांना मिळाले. आमच्याकडेही लावलेला रूट रद्द करता येतो, पण त्यासाठी वेगळे बटण असते आणि दाबले की काउंटरवर आकडा पडतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे मी तेव्हा वाचली असती तर! त्यांत स्पष्ट आहे: रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज मूळपेशींचा वापर हा फक्त संशोधन आहे, आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायचा. चाचणीचा खर्च रुग्णावर टाकायचा नसतो. दवाखान्याने पैसे मागितले, तिथेच मी थांबायला हवे होते.

गेल्या दिवाळीत त्याच्याकडे गेलो होतो. व्हीलचेअरवर बसून तो आता मोबाईल दुरुस्त करतो, हात अजून तसाच नेमका आहे. हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, गावातला आणखी एक जण तिथेच जाणार म्हणतो. तुम्ही त्याच्याशी बोला." बोललो. तो अजून गेलेला नाही.

आरतीची वेळ झाली. कुणाला विचारायचे असेल तर प्रसादानंतर मी इथेच आहे.