सेवेकऱ्याच्या मागे त्याचे घर



उज्जैनच्या रेल्वेमार्गाच्या एका अंगास जुने शहर, क्षिप्रेचे घाट आणि महाकालेश्वराचे शिखर आहे, तर दुसऱ्या अंगास माधवनगर. लोक त्याला फ्रीगंज म्हणतात; परंतु माधवनगर हे नाव ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांची आठवण सांगते. शिंद्यांच्या राजवटीबरोबर जी मराठी घराणी माळव्यात आली, त्यांच्या देवघरांत कोकण-गोमंतकातील कुलदेवतांचे टाक आले आणि दृष्टीसमोर मात्र महाकाल राहिला. हे नाते केवळ भाविकतेचे नव्हे. महाकालेश्वराच्या देवळाचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार झाला तो राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांच्या हातून. याच रामचंद्र मल्हार सुखठणकरांच्या शिफारशीवरून पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव श्रीमंगेश देवस्थानास दिला. एकच माणूस क्षिप्रेकाठचे देऊळ उभे करतो आणि गोव्यातील देवाच्या नंदादीपाची तरतूद करतो, हे महाजन कुटुंबांनी आपल्या मुलाबाळांना अवश्य सांगावे.

त्या देवळात २५ मार्च २०२४ रोजी, धुळवडीच्या पहाटे, भस्मारती चालू असता गर्भगृहात आग भडकली. रंगोत्सवाचा गुलाल आरतीतील जळत्या कापरावर पडला आणि क्षणार्धात ज्वाळा उसळली. पुजारी आणि सेवक मिळून चौदा जण भाजले. बाहेर दर्शनास बसलेल्या हजारो भाविकांपैकी बहुतेकांना आत काय घडले याची कल्पना येण्यापूर्वीच जखमींना बाहेर काढण्यात आले होते. त्यांत ऐंशीच्या घरातील एक वृद्ध सेवक होते. उज्जैन, नंतर इंदूर आणि अखेरीस मुंबई, असा त्यांच्या उपचारांचा प्रवास झाला. १० एप्रिल रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

ज्या वयात माणूस घरी स्वस्थ बसून नातवंडांचे कौतुक पाहतो, त्या वयात हे गृहस्थ पहाटे चारच्या आरतीस गर्भगृहात उभे होते. देवळात अशी माणसे नेहमीच असतात. त्यांचे नाव कोणत्याही शिलालेखावर नसते, देणगीदारांच्या फलकावर तर नसतेच. परंतु समई कोणत्या कोनाड्यात ठेवायची, पालखीचा कोणता दांडा जीर्ण झाला आहे, उत्सवमूर्तीचा कोणता अलंकार कोणत्या पेटीत आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. समितीचे सभासद बदलतात. हा माणूस तेथेच असतो. आणि ज्या दिवशी तो नसतो त्या दिवशी प्रथमच लक्षात येते की देऊळ अर्धेअधिक त्याच्या स्मरणशक्तीवर चालत होते.

अशा माणसाच्या निधनाने गाव खरोखर हळहळतो. यात खोटे काही नसते. कित्येक गावांत तर देह हलेपर्यंत देवाची पूजाही थांबते. देव आणि माणूस यांनी मिळून पाळलेला तो शोकच होय. घरी रीघ लागते, शेजारच्या घरून पिठले-भात येतो, बाराव्या-तेराव्यापर्यंत कुणी ना कुणी ओटीवर बसलेले असते. प्रश्न चौदाव्या दिवसाचा आहे. येणारी पावले कमी होतात, ती कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. ज्याचा त्याचा संसार असतो. परंतु शाळेची फी, किराण्याची उधारी आणि औषधाचा खर्च यांना सुतक लागत नाही.

याच उज्जैनमधील दुसरे एक उदाहरण येथे सांगणे योग्य होईल. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा माधवनगरचे शासकीय रुग्णालय त्या रुग्णांसाठी राखून ठेवले गेले. तेथे जाणारी परिचारिका, रुग्णवाहिकेचा चालक, झाडूवाला, सारेच जिवावर उदार होऊन जात होते. त्या वर्षीच्या मार्चअखेर केंद्र शासनाने अशा आरोग्यसेवकांसाठी पन्नास लाख रुपयांचे विमाकवच जाहीर केले. २१ एप्रिल रोजी नीलगंगा ठाण्याचे पोलीस अधिकारी या साथीत बळी पडले. राज्य शासनाने त्यांच्या कुटुंबास पन्नास लाख रुपये आणि मुलीस पोलीस खात्यात नेमणूक जाहीर केली. गेलेला माणूस पैशाने परत येत नाही हे खरे. तथापि त्या घराला कुणाच्या दारी याचना करावी लागली नाही, कारण माणूस कोणाचा होता हे सरकारी दप्तरात नोंदलेले होते. देवळातील सेवेकरी कोणाचा? विचारले तर सर्वजण म्हणतात, देवाचा. उत्तर सुंदर आहे. पण त्या उत्तरावर सही कोणाची घ्यायची?

मराठ्यांच्या राज्याला हा प्रश्न पडला नव्हता असे नाही. सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची, म्हणजे १६५९ सालची, हकीकत आहे. शिवाजी महाराजांनी लढाईत कामास आलेल्यांच्या मुलांचे चालविले. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांना निमे वेतन करून दिले. जखमींना जखम पाहून होन दिले. विजयाच्या धामधुमीत, शत्रूचा मुलूख पुढे मोकळा पडलेला असता, हा हिशेब आधी झाला. पुढे पेशवाईत याच वहिवाटीला बालपरवेशी असे नावच पडले. लढाईत पडलेल्या माणसाच्या लेकरांच्या पोषणासाठी दिलेली ती नेमणूक. शब्दाची घडण लक्षात घेण्यासारखी आहे: परवरिश म्हणजे पालनपोषण. त्यात दान नाही, दया नाही, उपकार नाही. बाप राज्याच्या कामी आला, तेव्हा मूल राज्याच्या अंगावर आले, इतका सरळ व्यवहार.

गोमंतकातील देवस्थानांची जुनी रचनाही याच समजुतीवर उभी होती. भट, गुरव, देवळी, वाजंत्री, दिवटी धरणारा, पालखीचे भोई, फुले पुरविणारा, अंगण सारवणारी, या प्रत्येकाच्या सेवेपोटी जमिनीचा तुकडा वा उत्पन्नाचा वाटा लावून दिलेला असे. सेवा व्यक्तीकडे नसून घराकडे असे. त्यामुळे माणूस गेला तरी शेताचा भात घरी येतच राही, आणि मुलगा हाताशी आला की तो दिवटी धरी. या पद्धतीत दोष नव्हते असे कुणी म्हणणार नाही. जन्माने गळ्यात पडलेली सेवा कित्येकांना, विशेषतः देवळाशी जखडलेल्या स्त्रियांना, जाचक झाली होती आणि ती बंधने तुटली हे उत्तमच झाले. मात्र बंधन तुटले त्याबरोबर आधारही तुटला, हे फारसे कुणाच्या ध्यानी आले नाही. तिसवाडीतील देवळे मोडल्यावर १५४१ साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले, तेव्हाही प्रथम उघडे पडले ते सेवेकऱ्यांचेच घर असले पाहिजे. पुढे देव नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. महाजनांनी देवाला जागा दिली, आणि ज्या देवळांत नवी घडी बसली तेथे सेवेकऱ्यालाही वाटा मिळाला. म्हणून तर ती देवळे पुन्हा नांदती झाली.

मंगेशीचेच एक घर घ्या. मास्टर दीनानाथांचे वडील श्रीमंगेशाचे अभिषेकी आणि आई त्याच देवळाच्या सेवेतील घराण्यातली. दीनानाथांनी मराठी रंगभूमी गाजविली. त्यांच्या गाण्यावर महाराष्ट्राने जीव टाकला. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा वय अवघे एकेचाळीस. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता बारा वर्षांची. त्या घराला हात दिला तो मुख्यतः एका स्नेह्याने, मास्टर विनायकांनी, आणि त्या लहान मुलीला तोंडाला रंग लावून त्याच वर्षी चित्रपटात उभे राहावे लागले. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे, आणि त्या इतिहासाच्या तेजाने १९४२ सालचा अंधार झाकून जातो. दीनानाथांच्या नावाचे मोठे रुग्णालय पुण्यात २००१ साली उभे राहिले. परंतु प्रत्येक घरात लता जन्मास येत नाही. ज्या घरात येत नाही त्या घराचे काय होते, हे कुणी लिहून ठेवीत नाही.

आता कुणी म्हणेल की हे सारे ठीक, पण देवस्थानाजवळ पैसा कोठे आहे? ही शंका लहान देवळांच्या बाबतीत रास्त आहे. उत्सवाचा खर्च भागविताना खजिनदाराच्या तोंडचे पाणी पळते. तथापि सभामंडपाची फरशी बदलण्यास पैसा उभा राहतो आणि कळसाला सोन्याचा मुलामा देण्यासही राहतो. याचा अर्थ पैसा नसतो असा नसून, ज्यासाठी तो मागावा ते काम कागदावर आलेले नसते, असा आहे. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या कायद्याने चालतो. महाजनांची नोंद, समितीची निवड, वार्षिक अंदाजपत्रक, हिशेब, सारे त्यात बांधून दिलेले आहे. महाकालेश्वराचा कारभारही मध्य प्रदेशाच्या १९८२ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली समितीकडे आहे. अंदाजपत्रकात तेल, कापूर, फुले, वीज अशी सदरे असतात. त्यांच्या खाली सेवेकरी-कुटुंब असे आणखी एक सदर घालण्यास कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. वर्षाच्या उत्पन्नातून ठरावीक भाग तेथे पडत गेला, आणि सेवेकऱ्यांचा अपघात विमा त्यातून उतरविला, तर निधनानंतर वर्गणीची यादी फिरवावी लागणार नाही.

वर्गणीच्या यादीविषयी एक शब्द बोलणे प्राप्त आहे. ती सद्‌हेतूनेच निघते. परंतु कुणी किती दिले हे चारचौघांत वाचून दाखविले जाते तेव्हा माजघरात बसलेली ती विधवा आपल्या पतीच्या चाळीस वर्षांच्या सेवेची किंमत ऐकत असते. आणि शंभर रुपये देणारा पुढे वर्षभर त्या मुलाला कामे सांगतो, हेही पाहण्यात आहे. जुन्या लोकांची रीत याहून शहाणी होती. ते देवाच्या प्रसादाच्या रूपाने वाटा घरी पोचवीत. उत्सवात पहिला नारळ कोणाचा, दिवटीचा मान कोणाचा, हे ठरलेले असे. माणूस गेला तरी त्याच्या दाराशी मानाचा नारळ येई. तांदूळ आणि पैसे त्या नारळाच्या आडून येत. घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

२०२४ च्या त्या आगीनंतर पाचच दिवसांनी, रंगपंचमीस, महाकालाला गुलाल न उधळता केवळ एक लोटा केशराचे पाणी अर्पण करण्यात आले. वृद्ध सेवक तेव्हा रुग्णालयात होते. देवाच्या उत्सवाचा शेकडो वर्षांचा रंग जर पाच दिवसांत एका लोट्यावर आणता येतो, तर नोंदवहीत एक पान वाढविणे कठीण नाही. त्या पानावर रकाने थोडेच लागतील: सेवेकऱ्याचे नाव, सेवा कोणत्या वर्षापासून, घरात माणसे किती, मुलांची वये, आणि त्याच्या पश्चात रक्कम कोणाच्या हाती द्यावयाची. शेवटचा रकाना सेवेकऱ्याने स्वतःच्या हाताने, हयात असताना भरावा. पुढच्या वार्षिक सभेपूर्वी हे पान प्रत्येक देवस्थानाच्या मुखत्यारांनी आपापल्या वहीत लावून घ्यावे.