सोपं करायला कुणी सांगितलं होतं?



आज बचतीवर बोलणार नाही, शेळीपालनावर नाही आणि हिमोग्लोबिनवरही नाही. आज आपण कॉम्प्युटरवरच्या एका खेळाबद्दल बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका! आम्हालाही आधी वाटलं होतं, की यात आपलं काय काम?

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा आला होता. पुण्याला डिप्लोमा करतो. कुणाकडून तरी जुना लॅपटॉप घेतलाय, त्यावर रात्र रात्र खेळत बसायचा. एका रात्री त्याने चिडून लॅपटॉप धाडकन मिटला. आम्ही विचारलं, "काय रे, काय झालं?"

"मावशी, वाट लावली गं यांनी खेळाची. पहिला भाग काय भारी होता! दुसऱ्यात सगळं सोपं करून टाकलंय."

आम्ही म्हटलं, "सोपं केलं तर बरंच की. चिडतोस कशाला?"

तर म्हणतो, "जाऊ दे. तुला नाही कळायचं."

बायांनो, हे वाक्य आपल्याला किती ठिकाणी ऐकावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको. बँकेत, पंचायतीत, घरात. आम्ही चहा टाकला आणि म्हटलं, "बस इथे. कळेल असं सांग." दोन तास लागले, पण कळलं.

खेळाचं नाव 'ड्रॅगन एज'. कॅनडा देशात एडमंटन नावाचं शहर आहे, तिथल्या बायोवेअर कंपनीने तो बनवला. ही कंपनी 1995 साली तीन डॉक्टरांनी मिळून काढली होती. म्हणजे माणसं तपासणारे डॉक्टर. त्यांना खेळांचं वेड होतं. पुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स नावाच्या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली.

हा खेळ कसला, तर सोंग घेण्याचा. आपण लहानपणी भातुकली खेळायचो ना? एक आई व्हायची, एक सासू, एक दुकानदार. भांडण व्हायचं ते 'आज मी कोण होणार' यावरूनच. इथेही तसंच. खेळ सुरू करताना आपण कोण, हे आपण ठरवायचं. 2009 साली आलेल्या पहिल्या भागात, 'ओरिजिन्स'मध्ये, सुरुवातीच्या सहा वेगवेगळ्या कथा होत्या. तुम्ही सरदार घराण्यातली मुलगी होऊ शकता. जादू शिकणारी होऊ शकता. जमिनीखालच्या शहरात राहणाऱ्या बुटक्या लोकांतली होऊ शकता. त्या बुटक्यांतही राजघराणं वेगळं, आणि ज्यांना कुठल्याच जातीत घेत नाहीत अशी माणसं वेगळी. त्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदलेली असते, लांबूनच ओळखू यावं म्हणून. किंवा लांब कानांच्या लोकांतली होऊ शकता. शहरात त्यांची वस्ती वेगळी, भिंतीआड. त्यांच्यातल्या एका कथेत ऐन लग्नाच्या दिवशी सरदाराचा पोरगा शिरतो आणि नवरीला नि तिच्यासोबतच्या बायकांना उचलून नेतो.

हे ऐकून आम्ही गप्पच झालो. तिकडच्या माणसांनी रचलेली परीकथा, आणि त्यात वेशीबाहेरची वस्ती, चेहऱ्यावरची खूण. पुढे सगळ्यांची वाट एकाच मोठ्या संकटाकडे जाते. पण तुम्ही जन्माने कोण, त्यावरून दरबारातली माणसं तुमच्याशी बोलायची तऱ्हा बदलते. भाच्याने पहिला भाग चार वेळा खेळला, चार वेगवेगळी सोंगं घेऊन.

लढाईही डोक्याने करायची. आपण धरून चौघं जण. मध्येच बटण दाबून लढाई थांबवता येते, वरून घारीसारखं सगळं रान बघता येतं. मग तू पुढे हो, तू मागून बाण मार, तू जखमीला सांभाळ, असं एकेकाला काम वाटून द्यायचं. लग्नघरात पंगत उठायच्या वेळी थोरली जाऊ उभी राहून कामं वाटते ना, तस्सं.

मग मार्च 2011 मध्ये दुसरा भाग आला. पहिला भाग जाहीर झाला होता 2004 साली आणि हातात आला 2009 मध्ये, एवढा वेळ त्याला दिला होता. दुसरा सव्वा-दीड वर्षात उरकला. पहिल्या भागाचे मुख्य रचनाकार ब्रेंट नोल्स आधीच कंपनी सोडून गेले होते. खेळ ज्या दिशेला चालला होता ती त्यांना पटली नव्हती.

दुसऱ्या भागात सोंग एकच. तुम्ही हॉक नावाच्या माणूस-घराण्यातले. बाई व्हा की पुरुष, एवढीच निवड, शिवाय तलवार, धनुष्य की जादू. बुटकी नाही, लांब कानांची नाही. आधी बोलताना पूर्ण वाक्यं समोर यायची, त्यातलं एक निवडायचं. आता दोन-तीन शब्द आणि बाजूला एक चित्र. हे चांगुलपणाचं, हे चेष्टेचं, हे रागाचं. वाक्य वाचलं नाही तरी चालतं, चित्र बघून दाबा. सोबत्यांना आपल्या मनाप्रमाणे चिलखत घालता येत नाही. वरून बघायची सोय काढून टाकली. आणि लढाईत तुम्ही चौघांना नीट जागेवर उभं करावं, समोरचे शत्रू संपवावेत, तर नवे शत्रू कुठूनतरी येऊन मधोमध टपकतात. केलेला सगळा विचार पाण्यात.

आणखी एक गंमत. गुहा एकच. आज ती चोरांची, उद्या खाणीची, परवा राक्षसांची. मधलं एखादं दार बंद करून नवी म्हणून दाखवायची. पण कोपऱ्यातल्या नकाशात त्या बंद वाटा दिसतातच! आमच्या गावच्या जत्रेत नाटकाला एकच पडदा असायचा, तोच राजवाडा आणि तोच तुरुंग. पण मंडळींकडे पैसे नसायचे आणि तिकीटही नसायचं, त्यामुळे कुणी तक्रार करत नव्हतं. इथे लोकांनी पूर्ण किंमत मोजली होती.

सगळंच वाईट होतं असं नाही. आम्ही खोदून विचारलं तेव्हा भाच्याने कबूल केलं. दुसऱ्या भागातली माणसं त्याला आवडली होती. हॉकचं कुटुंब म्हणजे गाव उजाडल्यावर बोटीने परक्या शहरात आलेले निर्वासित. त्यांच्यासोबत अॅव्हलीन नावाची बाई आहे, शिपाई. वाटेतच तिचा नवरा जातो. पुढे ती त्या शहराच्या पहारेकऱ्यांची प्रमुख होते. नंतर तिला एक माणूस आवडतो, पण बोलायची हिंमत होत नाही. मग ती त्याला तांब्यावर घडवलेली झेंडूची फुलं भेट पाठवते. एवढी तलवार चालवणारी बाई, आणि मनातलं बोलताना ततपप. आम्ही खूप हसलो. ती विधवा आहे म्हणून तिची कथा कुणी संपवून टाकली नाही, हे मात्र आम्हाला फार बरं वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. पहिला भाग काही फक्त हुशारांसाठी नव्हता. त्यातही 'सोपं', 'साधारण', 'अवघड' अशा पायऱ्या होत्या. ज्याला जमेल तशी त्याने निवडावी. म्हणजे सोपेपणाबद्दल कुणाची तक्रार नव्हतीच. कंपनीला जास्त लोकांपर्यंत पोचायचं होतं, टीव्हीला यंत्र जोडून खेळणाऱ्यांपर्यंत, आणि त्यात चूक काहीच नाही. पण ते करताना खेळणाऱ्याच्या हातातले निर्णयच काढून घेतले. 'लोकांना एवढं नाही झेपायचं' असं धरून चालले. आमच्या भाच्याने आम्हाला धरलं होतं, तसंच.

आमच्या एका गटातही असं झालं होतं. तिथे आमच्या बाया दरमहा रजिस्टर भरायच्या. बचत, कर्ज, व्याज, परतफेड, सगळे रकाने. दोघी-तिघींना अक्षर येत नव्हतं, पण चौथा रकाना व्याजाचा, हे त्यांना जागेवरून माहीत होतं. बोट ठेवून विचारायच्या, "इथे माझं किती लिहिलंस?" मग एका संस्थेकडून नवी सोपी वही आली. बायकांना त्रास नको म्हणून एकच पान, महिन्याची एकूण रक्कम आणि सह्या. चार महिन्यांत कुणाचं कर्ज किती, ते कुणालाच सांगता येईना. वही कुणी बदलली हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण शिव्या कुणी खाल्ल्या? आमच्या गटाच्या सचिवाने. ती फक्त लिहायची. तिच्या दारात जाऊन बोलल्या बाया, तिच्या पोरांसमोर. आम्ही सहयोगिनी म्हणून तिथे होतो, आणि वेळेवर तोंड उघडलं नाही. हे आज रेडिओवर सांगतोय, कारण तिथे सांगायला हवं होतं.

त्या खेळाचंही असंच झालं, आणि भाच्यालाही ते माहीत नव्हतं. आम्ही नंतर इंटरनेटवर शोधून वाचलं. बायोवेअरमध्ये जेनिफर हेप्लर नावाची लेखिका होती. पात्रं आणि संवाद लिहिणं हे तिचं काम. 2006 साली एका मुलाखतीत ती म्हणाली होती, की तिला खेळांतल्या लढाईपेक्षा कथा आवडते. संवाद नको असतील तर बटण दाबून पुढे जाता येतं, तशी लढाईसाठीही सोय असावी. बस, एवढंच. ज्याला हवी त्याने लढाई करावीच की. 2012 च्या फेब्रुवारीत कुणीतरी ती जुनी मुलाखत उकरून काढली आणि लोक तिच्यावर तुटून पडले. खेळ बिघडला तो हिच्यामुळे! लढाईचे नियम ठरवणं तिचं कामच नव्हतं. वेळ कमी दिला तो तिने नाही, गुहा पुन्हा पुन्हा वापरल्या त्याही तिने नाहीत. पण घाण घाण निरोप तिला, घरी फोन तिला, मुलांना मारून टाकायच्या धमक्याही तिलाच.

कंपनीचे वरिष्ठ उघडपणे तिच्या बाजूने उभे राहिले. त्या तीन डॉक्टरांपैकी एक, रे म्युझिका, यांनी मुलांची दादागिरी थांबवण्यासाठी काम करणाऱ्या कॅनडातल्या एका संस्थेला तिच्या नावाने हजार डॉलर देत असल्याचं जाहीर केलं. 2013 मध्ये तिने कंपनी सोडली. या छळामुळे नाही, असं तिने स्वतः सांगितलं. पुढे 2016 साली तिने खेळ बनवणाऱ्या बायकांच्या अनुभवांचं एक पुस्तक संपादित केलं.

भाच्याला हे वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण मावशी, खेळ खरंच बिघडला होता." आम्ही म्हटलं, "होता ना. आम्हालाही पटलंय. वहीही खरंच वाईट होती."

तक्रार करणाऱ्यांचं कंपनीने ऐकलं, हेही सांगायला हवं. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये तिसरा भाग आला. त्यात पुन्हा बुटके, लांब कानांचे, शिंगांवाले, काय हवं ते होता येतं. वरून बघायची सोय परत आली, जागाही नव्या आणि अफाट मोठ्या. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हणून बक्षीस मिळालं. मग लोक म्हणू लागले, की फार पसरट झालाय, नुसता पाला गोळा करत हिंडायचं! माणसाचं समाधान, दुसरं काय.

आमच्या गटातली जुनी रजिस्टरं माळ्यावरून खाली काढली आहेत. सचिव अजून बैठकीला येत नाही. तिच्याकडे आम्ही दोनदा जाऊन आलो, या गुरुवारी गटातल्या तिघींना घेऊन पुन्हा जाणार आहोत. भाचा पुण्याला गेला, पण जाताना पहिल्या भागात आमच्यासाठी एक सोंग काढून ठेवायला लावलं होतं आम्ही. चेहऱ्यावर खूण गोंदलेली बुटकी पोरगी घेतलीय. तो लॅपटॉप घेऊन परत आला, की तिथून पुढे.