मताधिकार : कागदावरचा आणि हातातला



वर्णावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे अमेरिकेच्या पंधराव्या घटनादुरुस्तीने १८७० मध्येच सांगितले. तरीही दक्षिणेत साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदान-कर यांनी कृष्णवर्णीयांची वाट अडविली. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे शांत मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी शेकडा ६.७ होती, ती १९६७ पर्यंत ५९.८ झाली.

निवडणूक-नियम बदलण्यापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांना केंद्राची संमती घ्यावी लागे. ते बंधन सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निष्प्रभ केले. हक्क मतपेटीपर्यंत पोहोचण्यास पंचाण्णव वर्षे लागली. पहारा उठविण्यास एक निकाल पुरला. ती वाट मोकळी राखणे, हेच लोकशाहीचे नित्यकर्म होय.