व्यवसायनीतीचा अभ्यास आणि प्रवराकांठचा ऊंस



गेल्या दिवाळींत पुण्याला एका स्नेह्यांच्या घरीं जेवावयास गेलों होतों. त्यांची कन्या व्यवसाय-प्रशासनाच्या पदव्युत्तर वर्गांत दुसऱ्या वर्षाला आहे. जेवणें आटोपल्यावर स्नेह्यांनीं मला गॅलरींत नेऊन हळूच विचारलें, "मास्तर, हिच्या फीपायीं मीं प्रॉव्हिडंट फंडांतून रक्कम काढली आहे. ही 'व्यूहनीति' म्हणून जो विषय शिकते, त्यांत शिकण्यासारखें असतें तरी काय? आमच्या आजोबांनीं कोणत्याहि विद्यापीठाचें तोंड न पाहतां तीस वर्षें भुसारीचें दुकान चालविलें." मी स्वतः नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, एका महाविद्यालयांत हाच विषय शिकवितों. तेव्हां प्रश्न माझ्याच पोटावर येणारा होता. त्या वेळीं मीं सुपारी चघळीत वेळ मारून नेली. आज जें बोलणार आहें तें त्यांना उशिरानें दिलेलें उत्तर समजावें.

विषय म्हणून ही विद्या फार जुनी नाहीं. ग्रीक भाषेंत सेनापतीला जो शब्द आहे त्यावरून 'स्ट्रॅटेजी' निघाला. सैन्य कोठें उभें करावें, कोणती टेकडी लढविल्यावांचून सोडून द्यावी, याचा विचार म्हणजे स्ट्रॅटेजी. व्यापाराच्या पुस्तकांत हा शब्द रुळला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. आल्फ्रेड चॅन्डलर यांनीं १९६२ सालीं अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांचा इतिहास लिहून, धोरण बदललें कीं कंपनीची घडणहि बदलावी लागते, हें दाखविलें. पुढें १९८० सालीं मायकेल पोर्टर यांचें पुस्तक निघालें आणि आम्हां अध्यापकांच्या हातीं एक चित्र आलें. मधोमध एक चौकोन, त्यांत आपसांत झगडणारे धंदेवाले. भोंवतीं चार चौकोन: कच्चा माल पुरविणारे, तयार माल घेणारे, धंद्यांत नव्यानें शिरूं पाहणारे, आणि त्या मालाऐवजीं दुसराच माल विकणारे. या पांच बाजूंचा रेटा किती आहे तें मोजावें आणि मग आपण कोठें उभें राहावयाचें तें ठरवावें. चित्र सुबक आहे, फळ्यावर पटकन निघतें, आणि परीक्षेंत त्याला गुण देणेंहि सोपें जातें. तें मीं किती वेळां काढलें असेल याची गणती नाहीं.

२०२३ सालीं वर्गाच्या अंतर्गत परीक्षेंत मीं प्रश्न घातला: 'हें चित्र आपल्या जिल्ह्यांतील साखर-धंद्याला लावून दाखवा.' राहाता तालुक्यांतील एका विद्यार्थिनीनें चारी चौकोन नीट काढले. पण माल पुरविणाऱ्यांच्या चौकोनापाशीं येऊन ती थांबली. बाण न काढतां तिनें खालीं लिहिलें: 'सहकारी कारखान्यांत ऊंस घालणारा हाच कारखान्याचा मालक असतो. मग तो रेटा देतो कोणाला?' मीं लाल शाईनें 'उत्तर अपूर्ण' असा शेरा मारला आणि दहापैकीं चार गुण दिले. घरीं येऊन रात्रीं अंथरुणावर पडल्यावर ध्यानांत आलें कीं, अपूर्ण उत्तर तिचें नव्हतें. आपल्या जिल्ह्यांत पाऊणशें वर्षांपूर्वीं जें घडलें त्याचें सारें मर्म त्या एका न काढलेल्या बाणांत होतें.

तें काय घडलें, हें जरा मागें जाऊन पाहूं. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याच्या धरणाचें काम १९१० सालीं सुरू झालें व १९२६ सालीं तें पुरें झालें. दुष्काळी म्हणून नांवाजलेल्या या जिल्ह्यांत पाटाचें पाणी खेळूं लागलें. पाण्यामागोमाग ऊंस आला, आणि उंसामागोमाग भांडवलवाले आले. हरेगांवीं बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९३२ सालीं परदेशी साखरेपासून देशी धंद्याला संरक्षण मिळाल्यावर आणखी खासगी कारखाने निघाले. आतां ज्याच्या बांधावर पाणी आलें आहे अशा शेतकऱ्यापुढें कोणत्या वाटा होत्या? ज्वारी-बाजरी करून स्वस्थ बसावें, ही एक. ऊंस लावून गुऱ्हाळ घालावें आणि गुळाच्या ढेपा अडत्याकडे न्याव्या, ही दुसरी. पण जागतिक मंदीच्या वर्षांत गुळाचा भाव असा कोसळला कीं, पुष्कळांच्या हातीं काकवीच राहिली. तिसरी वाट म्हणजे जमीनच कंपनीला खंडानें द्यावी आणि घरबसल्या रोकड घ्यावी. ही वाट सर्वांत निर्धास्त वाटे. तिचा शेवट काय झाला हें 'खंडकरी' या शब्दांतच सांठलेलें आहे. १९६१ सालच्या कमाल जमीन-धारणेच्या कायद्यानें कंपन्यांच्या ताब्यांतील जमिनी सरकारकडे गेल्या, १९६३ सालीं त्यांसाठीं राज्य शेती महामंडळ निघालें, आणि मूळ मालकांच्या वारसांना आपली जमीन परत पाहावयाला एकविसावें शतक उजाडावें लागलें.

चौथी वाट तोंवर या भागांत कोणी चालून पाहिली नव्हती: कारखाना आपणच काढावा. (हा देशांतील पहिलाच सहकारी साखर कारखाना, असें आपण अभिमानानें म्हणतों, परंतु आंध्राकडे असे प्रयोग त्यापूर्वीं झाले होते, हें सांगितल्यानें प्रवरेचें मोल कमी होत नाहीं.) १९४५ सालीं बेलापूर येथें कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते प्रा. धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. गोदावरी व प्रवरा या कालव्यांपासून प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ किती होतो याची गांवोगांवची पाहणी त्यांच्या संस्थेनें केली होती, आणि तिचा ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. दुसऱ्या बाजूला लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शाळेचें शिक्षण अगदींच अल्प, पण १९२३ पासून गांवांत सहकारी पतपेढी चालविण्याचा अनुभव गांठीशीं. कोण कर्ज बुडवितो, कोण दोन वर्षें उशिरां कां होईना पण फेडतो, हें त्यांना घरागणिक ठाऊक. एकाच्या जवळ कोष्टकें होतीं, दुसऱ्याच्या जवळ माणसें होतीं. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमीं सांगतों कीं, या दोहोंपैकीं एकच पोथी वाचून परीक्षेला बसूं नका.

गांवोगांव हिंडून भाग विकले गेले. मुंबई सरकारांत वैकुंठभाई मेहता मंत्री होते. सरकारनें भागभांडवलांत वांटा उचलला. १९४८ सालीं निघालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज मिळालें. गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामांत कारखान्याचें गाळप सुरू झालें.

हा इतिहास लोणीच्या आसपास लहान मुलालाहि ठाऊक आहे, आणि तेथेंच आम्हां शिक्षकांची अडचण होते. ज्याचा शेवट ठाऊक आहे त्या गोष्टींत निर्णय दिसतच नाहीं. सारें जणूं ठरल्याप्रमाणें झालें असें वाटतें. हार्वर्ड विद्यापीठांतील व्यापारी शिक्षणाची शाळा १९०८ सालीं निघाली. तेथें १९११ च्या सुमारास ए. डब्ल्यू. शॉ नांवाच्या मासिक-प्रकाशकांनीं हा विषय निराळ्या रीतीनें शिकविला. कारखानदार व व्यापारी यांना वर्गांत बोलवावयाचें, त्यांनीं आपला चालू, न सुटलेला प्रश्न मांडावयाचा, विद्यार्थ्यांनीं त्यावर लेखी उत्तर द्यावयाचें, आणि मग त्या गृहस्थानें पुन्हां येऊन त्याची चर्चा करावयाची. उत्तर चुकलें तर समोरच्या माणसाचे पैसे जाणार असत. आमच्या छापील प्रकरणांत कोणाचेच पैसे जात नाहींत.

म्हणून त्या परीक्षेनंतर मीं एक युक्ति केली. इतिहासाची कथा १९४५ सालींच तोडून टाकली. वर्गाला सांगितलें, 'तुमची चार एकर जमीन पाटाखालीं आहे, घरांत एक लग्नाची मुलगी आहे, सोसायटीचें कर्ज आहे. कंपनी खंड देऊं करते आहे. लोणीचे पाटील ओट्यावर येऊन बसले आहेत आणि भाग मागत आहेत. कारखाना अजून कागदावरहि नाहीं. काय कराल?' चाळीसांपैकीं एकवीस जणांनीं जमीन खंडानें दिली. बाराजण म्हणाले, थांबूं, शेजारी काय करतो तें पाहूं. सातांनीं भाग घेतला, आणि त्यांपैकीं दोघांनीं तो पाटलांची भीड पडते म्हणून घेतला. हें उत्तर मला सर्वांत खरें वाटलें.

मग वाद सुरू झाला, आणि त्या वादांत पुस्तकापेक्षां अधिक कांहीं हातीं लागलें. ऊंस एकदां तोडला कीं तो दिवसभरांत गाळावा लागतो. उशीर झाला कीं वजन घटतें आणि साखरेचा उतारा उतरतो. म्हणजे शेतकऱ्याला दूरच्या गिऱ्हाईकाकडे जातां येत नाहीं, आणि कारखान्यालाहि दूरचा ऊंस परवडत नाहीं. दोघे एकमेकांना बांधलेले. अशा बांधिलकींत ज्याच्या हातीं यंत्र तो भाव ठरविणार. भाग घेणारानें खरें पाहतां साखरेच्या नफ्याचा वांटा विकत घेतला नव्हता. भाव ठरविणाऱ्या खोलींत बसण्याची जागा विकत घेतली होती. चित्रांतला बाणच त्यानें पुसून टाकला.

पण बाण पुसला म्हणजे रेटा नाहींसा होतो काय? तो आंत शिरतो. सभासदाला दोन तोंडें असतात. ऊंस घालणारा म्हणून त्याला यंदांच चढा भाव हवा. मालक म्हणून पुढल्या यंत्रासाठीं गंगाजळी राखावयास हवी. आणि 'माणशीं एक मत' या नियमानें निवडणूक होते. यंदां भाव थोडा कमी घ्या, असें सांगून किती जण निवडून येतील? महाराष्ट्रांत पुढें कित्येक सहकारी कारखाने कर्जांत बुडाले, कांहीं खासगी मालकांकडे गेले. त्याचीं कारणें अनेक आहेत, आणि सगळींच सभ्य नाहींत. परंतु हें एक कारण निकोप माणसांच्या कारखान्यालाहि चुकत नाहीं.

चित्रांत आणखी एक उणीव आहे. याच जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगांवकडून ऊंसतोडीच्या टोळ्या दरसाल बाहेर पडतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो आणि पांच-सहा महिने खोपींत काढतो. सहकारी असो कीं खासगी, हीं माणसें सभासद नाहींत, गिऱ्हाईक नाहींत, आणि पांचांपैकीं एकाहि चौकोनांत तीं बसत नाहींत. वर्गांत पाथर्डीचा एक विद्यार्थी होता. भाग घेणाऱ्या सातांत तो नव्हता. त्याला जमीनच नव्हती, म्हणून त्यानें कागद कोरा दिला होता.

आतां चालू काळाकडे येतों. साखर-धंद्याची परवान्याची अट १९९८ सालीं गेली. तरी महाराष्ट्रांत दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर अंतर असावें हा नियम आहे. उंसाचा किमान भाव केंद्रसरकार ठरवितें. २०२५-२६ च्या हंगामासाठीं तो सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागें ३५५ रुपये आहे, आणि ऊंस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे असा कायदा आहे. कारखान्यांनीं कर्ज काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारले, आणि २०२३ च्या डिसेंबरांत, ऐन हंगामांत, उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारनें निर्बंध घातला; पुढल्या हंगामासाठीं तो उठविला. इतक्या गोष्टी दुसऱ्याच्या हातीं असतांना कारखानदाराच्या स्वतःच्या हातीं ठरवावयाला उरतें काय, हें शोधून काढणें हा आमच्या अभ्यासक्रमाचा खरा धडा. पुण्याच्या स्नेह्यांच्या आजोबांनाहि तो येत होता. फरक इतकाच कीं तो त्यांना तीस वर्षांत आला, आणि त्यांच्या नातवाच्या मुलीला चार सहामाहींत, दुसऱ्याच्या चुकांवर, शिकावयाचा आहे.

त्या राहात्याच्या विद्यार्थिनीची गोष्ट राहिली. त्याच हिवाळ्यांत ती मला भेटावयास आली. तिच्या वडिलांचा पांच एकर आडसाली ऊंस उभा होता. ते ज्या कारखान्याचे सभासद, त्याची टोळी येत नव्हती. नोंदीप्रमाणें नंबर लागावयास अजून महिना होता. दुसऱ्या तालुक्यांतील एका खासगी कारखान्याचा माणूस बांधावर येऊन टनामागें अधिक भाव आणि आठवड्यांत तोड कबूल करून गेला होता. वडिलांनीं लेकीला विचारलें होतें, "तूं यांतच शिकतेस ना? मग सांग." ती मला विचारूं लागली, "सर, आतां बाण कोणीकडे काढूं?" मीं तिला हिशेब मांडावयास लावला: महिनाभरांत वजन किती घटेल, खोडव्याला पाणी केव्हां मिळेल, आपलाच ऊंस बाहेर गेला तर आपल्या कारखान्याचे गाळपाचे दिवस किती कमी होतील, आणि पुढल्या वर्षीं हा परका माणूस बांधावर येईल कीं नाहीं. शेवटच्या प्रश्नाला आंकडा नव्हता.

वडिलांनीं तीन एकर राखून ठेवले आणि दोन एकर बाहेर दिले. तिचे चार गुण मला वाढवितां आले नाहींत. यादी विद्यापीठाकडे गेली होती. तिचा तो प्रश्न मात्र मी दरवर्षीं पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितों. पुण्याच्या स्नेह्यांच्या कन्येलाहि तो पत्रानें धाडला आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं.