शारजातील आपले रोजचे ताट

(प्रार्थनालयाच्या सभागृहात दिलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



आज मला जेवणाविषयी बोलावयाचे आहे, परंतु सणाच्या जेवणाविषयी नव्हे. मलिद्याचे तबक, पुरीमची पुरणपोळी, रोश हशनाला नारळाच्या दुधात आटवलेला गव्हाच्या चिकाचा हलवा, यांचे कौतुक आपण नेहमीच करतो आणि ते योग्यही आहे. माझा विषय साधा आहे. मंगळवारी रात्री आठ वाजता थकूनभागून घरी आलेली आपली मुलेसुना काय जेवतात, आणि सुट्टीच्या आदल्या रात्री नातवंडांनी हट्ट धरला म्हणजे कोठे जेवावयास जातात, एवढाच. गेले काही हिवाळे मी शारजा येथे लेकीकडे राहून आले. आखाती देशांत ज्यांची मुले आहेत अशी कुटुंबे आपल्यांत पुष्कळ आहेत, म्हणून तेथे जे पाहिले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

शारजा हे दुबईला अगदी लागून आहे. नोकरी दुबईला आणि बिऱ्हाड शारजाला, कारण घरभाडे कमी, असा अनेकांचा संसार असतो. सकाळ-संध्याकाळचा बराच वेळ रस्त्यावरच्या गर्दीत जातो. अशा घरात रोज दोन वेळा साग्रसंगीत स्वयंपाक व्हावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. बाहेर मात्र अन्नाची रेलचेल आहे. रोला भागात दाक्षिणात्य शाकाहारी उपाहारगृहे आहेत, पाकिस्तानी तंदूर आहेत, अरबी फलाफल आणि शवर्मा आहे. केरळी माणसांच्या छोट्या कॅफेटेरिया तर कोपऱ्याकोपऱ्यावर. दुकानासमोर मोटार उभी करून भोंगा वाजविला की आतला मुलगा कडक चहा मोटारीपर्यंत आणून देतो. तेथे या चहाला ‘करक’ म्हणतात.

या शहरात आपले प्रार्थनालय नाही. मोझेस बेन मैमोन यांच्या नावाचे सिनेगॉग २०२३ मध्ये अबुधाबीत उघडले. मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात आहेत, ही मोठी गोष्ट आहे. परंतु शारजाहून ते सुमारे दीडशे किलोमीटरांवर. कोशेर अन्न पुरविणारी स्वयंपाकघरे दुबईत निघाली आहेत, पण ते अन्न महाग पडते, रोजच्या ताटात येत नाही. मग तेथील आपल्या कुटुंबाने आपला नियम टिकवावा तरी कसा?

मला वाटते, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांची परंपरा आपण सांगतो. पुढे ते कोकणातल्या गावोगावी विखुरले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे त्याचीच साक्ष आहेत. एका गावात आपली दोनचार घरे, भोवती सारा परधर्मीयांचा शेजार. ना रब्बी, ना सिनेगॉग. तरीही शनिवारी तेलाचा घाणा बंद राही, म्हणून गावाने आपल्याला ‘शनवार तेली’ म्हटले. दाविद राहाबी यांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यांनी आपल्या स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेविली, तेव्हा त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी रांधावयास घेतली व उरलेली बाजूला सारली. त्यावरून हे इस्राएलाचे लोक आहेत, अशी त्यांची खात्री पटली, असे परंपरा सांगते. बंधुभगिनींनो, या कथेत ग्रंथ नाही, पंडित नाही. आपली ओळख पटली ती स्वयंपाकघरात, रोजच्या मासळीवरून. शारजातील चौथ्या मजल्यावरचे बिऱ्हाड म्हणजे कोकणातले तेच एकटे घर आहे, असे मी मानते.

माझ्या दहा वर्षांच्या नातवाने एकदा विचारले, “आजी, माझ्या मित्राच्या वाढदिवसाला कोळंबी होती. ती हलाल आहे, असे त्याची आई म्हणाली. मग आपल्याला का चालत नाही?” प्रश्न रास्त होता. तेथे जवळजवळ सर्वच अन्नावर हलालचा शिक्का असतो आणि तो पाहिला की आपले काम भागले, असे मोठ्यांनाही वाटू लागते. मी त्याला जवळ बसवून सांगितले की तुझ्या मित्राच्या घरी देवाचे नाव घेऊन प्राणी कापतात, रक्त खात नाहीत, डुकराला शिवत नाहीत. इतके साम्य असलेला शेजारी मिळणे हे भाग्यच. परंतु त्यांचा नियम त्यांचा आणि आपला आपला. त्यांना उंट चालतो आणि तेथे उंटाच्या मांसाचे बर्गरही मिळतात. आपल्याला लेवीयाच्या अकराव्या अध्यायाने उंट वर्ज्य केला आहे, कारण तो रवंथ करतो, पण त्याचा खूर दुभंगलेला नाही. बहुतेक मुसलमान कोळंबी खातात. आपल्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. त्यांना मटण दह्यात शिजविलेले चालते, आपल्याला मांस आणि दूध एकत्र नको. शिवाय आपल्याकडे शोहेतने कापावे, फुप्फुस तपासावे, वर्ज्य शिरा व चरबी काढावी, मग मांस अर्धा तास पाण्यात, एक तास मिठात ठेवून तीनदा धुवावे, एवढे सोपस्कार आहेत. मुलाने सगळे ऐकून घेतले. कारण सांगितले की मुले मानतात. नुसते ‘नको’ म्हटले की ती मोठी होण्याची वाट पाहतात.

लेकीच्या घरी आम्ही जी व्यवस्था बसविली, ती आता सांगते. कोशेर मांस दुबईहून आणावयाचे, तेही सणाला. एरवी घरात मासळी, अंडी, डाळ-उसळ आणि भाजी. मांसावाचून मुलांचे पोषण होईल का, अशी काळजी आयांना वाटते. मी उभा जन्म रुग्णसेवेत घालविला आहे. मासळी, अंडे, डाळ आणि दही आलटून पालटून ताटात असेल, तर निरोगी मुलाला प्रथिनांची वाण पडत नाही, हे मी खात्रीने सांगते. उलट रात्री अकराला खाल्लेली तेलकट बिर्याणी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या माणसाला अधिक बाधते.

मासळीसाठी अल जुबैल बाजारासारखी जागा नाही. एकाच छपराखाली मासळी, मांस आणि भाजी असा हा भव्य बाजार आहे. आपली सुरमई तेथे ‘कनाद’ होते, पापलेट ‘जुबैदी’. ‘हमूर’ आणि ‘शेरी’ हे तिकडचे आवडते मासे. दोघांनाही खवले आहेत. ‘रुबियान’ म्हणजे कोळंबी, ती ओळखून सोडावयाची. मासा अख्खा घ्यावा, खवले आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच साफ करावयास द्यावा. तुकडे केलेला, सोललेला मासा घेऊ नये. घरी आणून पुन्हा धुवावा, कारण त्याच सुरीने आधी काय कापले असेल ते आपल्याला ठाऊक नसते. नारळ आणि आमसूल भारतीय दुकानांत मिळतात. नारळाच्या दुधातली कढी हा तर आपल्या आजी-पणजींनी शोधलेला उत्तम मार्ग. मांसाबरोबर चालते, मासळीबरोबर चालते आणि नियमाला बाध येत नाही.

आता बाहेरचे जेवण. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. थकलेल्या सुनेला एक संध्याकाळ चुलीपासून सुटका मिळते, हेही पुण्यच आहे. मात्र कोठे जावयाचे ते घरून ठरवून निघावे. भुकेल्या पोटी दारात उभे राहून नियम ठरवू नये. डोसा-इडलीची शाकाहारी जागा सर्वांत सोयीची. फलाफल घेताना ते कोंबडीच्याच तेलात तळतात का, हे विचारावे. जेलीच्या डब्यावर हलाल लिहिलेले असले, तरी आत प्राण्याचे जिलेटिन असू शकते, म्हणून घटक वाचावेत. परदेशी मालावर वर्तुळात यू हे अक्षर दिसले तर काम सोपे होते. घरी मांसाचे जेवण झाल्यावर कोणी चहाला बाहेर काढले, तर करकऐवजी सुलेमानी मागावा. हा बिनदुधाचा, लिंबू पिळलेला चहा प्रत्येक कॅफेटेरियात मिळतो. आपल्या शलोमो राजाचे नाव असलेला चहा आपल्या नियमाला इतका जुळावा, याची मला मोठी गंमत वाटते.

आणखी दोन गोष्टी तेथे आपोआप जुळून येतात. शारजात १९८५ पासून दारूबंदी आहे. द्राक्षारस नाही म्हणून किद्दुश अडावा असे कोणाला वाटेल. परंतु काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले शरबत हीच तर आपली जुनी रीत. दुसरे असे की जानेवारी २०२२ पासून शारजाच्या सरकारी कार्यालयांना शुक्रवार ते रविवार सुट्टी असते. ज्यांना ती सुट्टी लाभते, त्यांना शुक्रवारचा पूर्ण दिवस शब्बाथच्या तयारीला मिळतो. सूर्यास्तापूर्वी मासळी तळून, भात-कालवण करून, दिवे लावून मोकळे होता येते. मुंबईत आमच्या पिढीतील नोकरदार स्त्रियांना हे सुख क्वचितच लाभले.

आता एक जड गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये रब्बी झ्वी कोगन या तरुणाची अमिरातीत हत्या झाली. दुबईत कोशेर किराण्याचे दुकान चालविण्याच्या कामात ते होते. त्यानंतर तेथील आपल्या अनेक कुटुंबांच्या मनात भय शिरले, आणि त्या भयाला मी दोष देत नाही. उपाहारगृहात ‘आम्ही यहुदी आहोत’ असे सांगण्याची गरज नाही. ‘शाकाहारी आहे का, तेल वेगळे आहे का’ हे प्रश्न गुजराती, जैन, तमिळ माणसे त्या शहरात रोज विचारतात. वाढणारा मुलगा हसून उत्तर देतो. सावधपणा आणि नियम दोन्ही एकत्र नांदू शकतात. मात्र बाहेर मौन पाळणारे कुटुंब घरातही मौन पाळू लागले, तर दहा वर्षांनी मुलांना काहीच ठाऊक राहणार नाही. बाहेर जे बोलत नाही, ते घरच्या ताटावर अवश्य बोलावे.

शेवटी, माझ्या वयाच्या भगिनींना एक विनंती आहे. दूरध्वनीवर लेकीसुनांना ‘बाहेर काय खाल्लेस’ असे दरडावून विचारू नका. दूर बसून चौकशी केली की त्या सांगणे बंद करतात. त्याऐवजी ‘आज घरी काय केलेस’ असे विचारा, एखादे कालवण सांगा, वाटणाचे प्रमाण सांगा. एखादे घर आपल्या घराहून सैल असेल, एखादे कडक असेल. एकमेकांची ताटे मोजू नयेत. पण प्रत्येक घराने आपला नियम ठरवावा, तो मुलांना कारणासह सांगावा आणि ठरविलेला पाळावा. कोकणातल्या त्या एकट्या घरांनी एवढेच केले होते, आणि म्हणून आज आपण येथे एकत्र बसलो आहोत.

परमेश्वर आपल्या मुलांच्या घरांना, ती जेथे असतील तेथे, अन्न, आरोग्य आणि निर्भय मन देवो. आमेन.